पाच चाळीसला काम संपलं

॥ श्री ॥
इंदापूर, १४ जून २०२३

चि. संजीवनीस दादाचे अनेक आशीर्वाद.

परवाचा तुझा फोन तुझ्या वहिनीनं घेतला. फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शीळ घालतं आणि पलीकडचं माणूस राहतं बाजूला, म्हणून पुन्हा पत्रावर आलो. पोस्टात आंतरदेशीय मागणारा मी एकटाच उरलोय, तिथला पोरगा हसतो. तूही हस.

शाळा उद्या सुरू होणार. दरवर्षी या आठवड्यात मला आणि सोपानला जेवायला फुरसत नसायची. सव्वीस वर्षं झाली त्याला दुकानात. पोराच्या पायाला नुसता हात लावून नंबर सांगतो. तुझ्या राजवर्धनच्या पायात पहिला बूट त्यानंच चढवला होता. यंदा मात्र दोघं दारात बसून पेठ बघतो. काल एका मास्तरांच्या बायकोनं अकरा खोकी उतरवली, लेकाला सगळे बूट घालून चालवलं, मग सोपानलाच सांगितलं की तळव्यावरच्या नंबराचा फोटो काढून द्या. हाच बूट मोबाईलवर स्वस्त पडतो, परदेशी कंपनी घरपोच देते, असं अगदी गोड बोलून गेली. सोपाननं फोटो काढून दिला. मग अकरा खोकी परत फळीवर लावली.

लासुर्ण्याची कुशाबाई तेवढी आली. तिचा एक पाय लहानपणीच पोलिओनं आखडलेला, डाव्याला चार नंबर लागतो, उजव्याला सहा. तिच्यासाठी मी कायम दोन जोड फोडतो. म्हणाली, तुमच्या माघारी माझ्यापायी जोड कोण फोडंल वं?

राजवर्धनचं नोकरीचं काही जमलं का ते लिही. अंगणवाडीतल्या पोरांवर फार ओरडू नकोस. वहिनीचा तुला आशीर्वाद. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
बारामती, २९ जून २०२३

ती. दादांस, संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि उठले. असं तीनदा झालं. दादा, राजवर्धनला नोकरी लागली. महिना झाला. तुम्हाला कळवायला धीर होत नव्हता, कारण नोकरी त्याच कंपनीत आहे. एमआयडीसीजवळ त्यांचं मोठं गोदाम झालंय. तिथून इंदापूर, भिगवण, सोमेश्वरनगरपर्यंत माल जातो. हा पार्सल वाटणाऱ्यांवर देखरेख करतो. गळ्यात ओळखपत्र आहे, सगळे त्याला सर म्हणतात.

रागावणार हे मला माहीत आहे. पण हे गेल्यापासून मी एकटीनं त्याला शिकवलं. इंजिनिअर होऊन दोन वर्षं तो खाटेवर पडून छताकडे बघत होता. मी कामाला निघाले की पाठ फिरवून झोपायचा, म्हणजे मला त्याचं तोंड दिसू नये. आता सकाळी दाढी करताना शीळ घालतो. (तुमच्या यंत्रासारखी नाही, बरी घालतो.) ती शीळ ऐकली की दुकानाचा विचार माझ्या मनात येतच नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. येतो, पण मी तो बाजूला सारते.

त्याला दोन ओळी आशीर्वादाच्या पाठवा. वहिनींस नमस्कार. धाकटीवरचा लोभ या बातमीनं आटू नये, एवढंच मागते.

तुमची,
संजीवनी

॥ श्री ॥
इंदापूर, १७ नोव्हेंबर २०२३

चि. संजीवनीस आशीर्वाद.

भाऊबीजेला तुझ्या घरून मी न जेवता उठून आलो. तू रस्त्यापर्यंत मागं आलीस, मी वळून पाहिलं नाही. दोन दिवस ते मला बोचतंय. म्हणून काय झालं ते सांगतो, तू तेव्हा आत पुरणाचं बघत होतीस.

राजवर्धननं मला ओसरीत बसवून मोबाईलवर एक नकाशा दाखवला. इंदापुरात कंपनीला पार्सल उतरवायला पक्की जागा हवी आहे. आपल्या दुकानाला रुंद शटर आहे, टेम्पो दारापर्यंत येतो, त्यांच्या यादीत पहिलं नाव आपलंच आहे म्हणे. म्हणाला, मामा, तसंही गिऱ्हाईक येत नाही, जागा भाड्यानं द्या आणि निवांत बसा. वाईट हेतूनं बोलला नाही. तेच जास्त लागलं. वडलांनी मोटेच्या कातड्याचे जोडे शिवून ती जागा उभी केली, तिथं मला माझ्याच गिऱ्हाइकांची खोकी चढउतार करणाऱ्यांचा जागामालक हो म्हणतो. मी त्याला म्हणालो की मी मेल्यावर ये.

सणाच्या दिवशी असं बोलायला नको होतं. पण बोललेलं मागं घेत नाही.

दुसरी गोष्ट सोपानची. काल त्यानं चाव्या माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाला, शेठ, तुमी मला काढणार न्हाय हे ठाऊक हाय, म्हणून मीच निघतो, दोघांनी बसून माशा मारायच्या त्या एकानं मारलेल्या बऱ्या. कुठं जाणार विचारलं तर खाली बघितलं. मग कळलं की राजवर्धननंच त्याला पार्सल वाटायच्या कामाला लावलंय. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाठीवर पोतं आणि खाली मोटारसायकल. मी त्याला दुकानातले सगळ्यात जाड तळव्याचे बूट दिले. घेताना रडला, मीही.

तू माझ्यावर रुसू नकोस. रुसलीस तरी पत्र टाक.

दादा

॥ श्री ॥
बारामती, ४ डिसेंबर २०२३

ती. दादांस शि. सा. न.

रुसले आहे. पुरणपोळी तुमच्या ताटातली मी गाईला घातली.

तुम्ही राजवर्धनला मरणाचं बोललात. तो माझ्याजवळ एक शब्द बोलला नाही, मला तुमच्या पत्रातून कळलं. दादा, मोबाईलवर चपला विकायचं त्यानं ठरवलेलं नाही. त्यानं ही नोकरी सोडली तर तुमच्या दुकानात उद्या गर्दी होणार आहे का? माझ्या शेजारणी, आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस, सगळ्या मागवतात. खरं सांगते, दिवाळीची पणत्यांची माळ मीही मागवली होती. तुम्ही आलात तेव्हा ती दारावर लुकलुकत होती आणि तुम्ही ती छान आहे म्हणालात.

सोपानभाऊंना त्यानं कामाला लावलं ते उपकार म्हणून नव्हे. तेच त्याच्याकडे आले होते. मामांना सांगू नका म्हणाले. दिवसाला सत्तर पार्सलं टाकतात, सगळ्यांची घरं पाठ, पत्ता विचारावा लागत नाही. राजवर्धन म्हणतो, त्यांच्यासारखा माणूस आमच्याकडे दुसरा नाही.

थंडी वाढली आहे, कानाला मफलर बांधा. राग गेला की लिहा, आणि गेला नाही तरी या धाकटीला टाकू नका.

संजीवनी

॥ श्री ॥
इंदापूर, २० ऑगस्ट २०२४

चि. संजीवनीस,

सोपान पडला हे तुला कळलं असेल. मला जे कळलं ते तुला कळलंय का, ते मला ठाऊक नाही.

सहा तारखेला पळसदेवच्या पुढं एका बाईनं पार्सल घेतलं नाही, ते परत घेऊन तो येत होता. पाऊस होता. हायवेवर मागनं ट्रक घासून गेला, हा दुभाजकावर आपटला. उजवा पाय गुडघ्याखाली तीन जागी मोडला. सळई घातली. डॉक्टर म्हणतात काठीशिवाय चालणार नाही. मोटारसायकलचं तर नावच नको.

कामावर असताना लागलं तर दवाखान्याचं कंपनी बघते, असं त्याला भरती करताना सांगितलं होतं. आता कंपनी म्हणते, तो आमचा नोकर नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, अपघात साडेसहाचा, आणि मोबाईलमध्ये याचं काम पाच चाळीसला संपलेलं दिसतं. त्यानंतर तो स्वतःच्या कामानं फिरत होता.

संजीवनी, पाच चाळीसला त्याच्या मोबाईलची बॅटरी संपली. संपायच्या आधी त्यानं राजवर्धनला फोन करून सांगितलं की, साहेब, फोन बंद पडतोय, माल परत घेऊन निघालोय. राजवर्धननं बरं म्हटलं. सोपानची बायको आक्काबाई अपघातानंतर ती जिथं कामाला जाते तिथल्या बाईच्या फोनवरून राजवर्धनशी बोलली, तेव्हा तो हे कबूल झाला होता. आणि पुढं ठेकेदाराच्या कागदावर, या वेळेनंतर सोपान कामावर नव्हता, अशी सही त्याचीच आहे. कागद मी डोळ्यांनी बघितला. सही ओळखतो मी. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडलांच्या जागी मी सही करायचो, त्याखाली तो गंमत म्हणून आपली करायचा.

दुकान गेलं असतं तर मी सोसलं असतं. हे सोसवत नाही. त्याला विचार. मला उत्तर नको, तू विचार.

दादा

॥ श्री ॥
बारामती, १ सप्टेंबर २०२४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आधी म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. मग म्हणाला, कागद वरून लिहूनच आला होता. सही केली नसती तर त्या कागदावर दुसऱ्यानं केली असती आणि मी घरी आलो असतो. मग म्हणाला, मी पुन्हा त्या खाटेवर पडायचं का, सांग. दादा, आई असून मला हो म्हणता आलं नाही. तुमच्यापुढे हे लपवून काय करू?

त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण समोर बसले नाही. दाढी करताना आता तो शीळ घालत नाही.

काल तुम्हाला न कळवता इंदापूरला आले होते. सोपानभाऊंच्या घरी गेले. आक्काबाईंनी चहा दिला आणि मला काहीही विचारलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सोपानभाऊ म्हणाले, ताई, साहेबांना बोलू नगा, त्यांचं बी पोट हाय. ज्याला कडेवर घेऊन पेठ फिरवली त्याला ते साहेब म्हणतात. मी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून ठेवत होते, आक्काबाईंनी माझी मूठ मिटवली.

तिथून तुमच्या दुकानावरून गेले. शटर अर्धं वर होतं, तुम्ही पाठमोरे बसला होता. हाक मारली नाही. मारली असती तरी तुम्हाला ऐकू आली नसती, असं मनाला समजावत एसटीत बसले. क्षमा मागायलाही तोंड नाही. तरी मला आपली म्हणा.

संजीवनी

॥ श्री ॥
इंदापूर, २१ ऑक्टोबर २०२४

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

तू माझीच आहेस. पुन्हा असं लिहू नकोस.

दुकान दिलं. काल करार झाला. दिवाळीच्या आत जागा पाहिजे म्हणून कंपनीची माणसं दसऱ्यापासून मागं लागली होती. मी एकच अट घातली. आतमध्ये बसून पार्सल मोजून घ्यायचं काम सोपानचं राहील, आणि ते करारात लिहून द्यायचं. आधी हसले. म्हणाले, असं कुठं लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग शटर खाली. दोन दिवसांनी लिहून आणलं. करार अकरा महिन्यांचा आहे, पुढचं पुढं. वहिनी म्हणाली, हीच अट घालायची होती तर दुकान आधीच द्यायचं होतं, सोपानचा पाय तरी वाचला असता. बरोबर बोलली. मी त्यावर रोज विचार करतो. तुझ्या लेकानं सही केली, आणि माझ्या ताठ्यानं सोपानला रस्त्यावर घातला. दोन्ही लिहून ठेवतो, म्हणजे तुला एकटीला ओझं नको.

माल काढला. शाळेचे बूट जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटले. उरलेला एका भिगवणच्या व्यापाऱ्यानं टेम्पो भरून नेला. माप घ्यायची लाकडी पट्टी सोपाननं मागून घेतली. काय करणार विचारलं, तर म्हणाला, असू द्या शेठ.

कंपनीकडून सही करायला राजवर्धन आला होता. सोपान काठी टेकत उभा राहायला गेला, राजवर्धननं त्याला खांद्याला धरून बसवलं. सह्या झाल्यावर राजवर्धन माझ्यापुढं वाकला. लहानपणापासून वाकतो, तसाच. मी पाय मागं घेतला नाही. पण माझ्या तोंडातून आशीर्वाद निघाला नाही, संजीवनी. तो वाकलेलाच राहिला. बऱ्याच वेळानं आपणहून उठला आणि ओळखपत्र खिशात घालून टेम्पोकडं गेला. तो सव्वीस वर्षांचा झाला, असं आधी कधी झालं नव्हतं.

पत्राच्या शेवटी घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. तुला आशीर्वाद, माया आहे तेवढीच आहे. राजवर्धनच्या नावापुढं काय लिहावं म्हणून सकाळपासून पेन धरून बसलोय. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली, आता असंच पाठवतो.

तुझा,
दादा