लेनाने परत दिलेला लाडू

कार्ल्सरूहे, फेब्रुवारी २०१५, रविवार

आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवाचा लेनाने नुसता वास घेतला आणि परत दिला. स्की जंपिंगची चॅम्पियन ही. आमच्या लॅबमध्ये तिच्या उडीची मापं मी घेते. हलकं शरीर लांब जातं, म्हणून जेवत नाही. पण वजन फार उतरलं तर नियमाने स्की आखूड करावी लागते, उडी तोकडी पडते, म्हणून काट्यावर चढण्याआधी पोटभर पाणी पिते. आज माझ्यासमोरच प्यायली. काट्यावर चढून "लिही," म्हणाली. लिहिलं. का लिहिलं मी? प्रोफेसर खूश, "गेनाऊ, अगदी बरोबर वजन!" मागच्या आठवड्यात ती जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हाही आकडा बरोबरच होता. माझ्याच अक्षरातला.

लाडू टेबलावर तसाच. आईचा फोन आला, "तुझ्या चॅम्पियनने खाल्ला का गं?"

हो म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही.