चाळीस टक्क्यांचा हात

१८ नोव्हेंबर

नोएडाला जाऊन आले. राजेंद्रनगरहून मेट्रोने तासभर. हवा अशी घाण की पुलावरून यमुनासुद्धा दिसेना. सेक्टर ६२मधल्या एका प्रयोगशाळेला अधू हातांची माणसं हवी होती. मयुराने जाहिरात दाखवली. मयुरा म्हणजे माझी रूममेट, नागपूरची, महाआगाऊ. म्हणे, "फुकट व्यायाम आहे, जा! नाहीतरी यूपीएससी मेन्सच्या निकालापर्यंत नखंच खात बसणारेस."

समोर एक कॅमेरा. साधा फोटो नाही काढत — आपल्या अंगाचा एकेक बिंदू त्याच्यापासून किती लांब आहे ते मोजतो. पडद्यावर मी नुसता काड्यांचा सांगाडा. शेकडो लोकांचे हात बघून मशीन शिकलंय म्हणे. हात किती वर गेला, कुठे अडला, सगळं सांगतं. शार्दूल नावाचा इंजिनियर समजावत होता, पुण्याचा, बोलणं अगदी धुऊन इस्त्री केलेलं. "डावा हात वर घ्या." घेतला. "कंबरेतून कललात, मॅडम. मशीन पकडतं."

जन्मताना ओढून काढलं, तेव्हापासून हा खांदा गेलेला. एकोणतीस वर्षं अशीच कलत आले, कुणी बोललं नव्हतं. रागच आला!

३० नोव्हेंबर

पडद्यावर झाडावरून आंबे पडतात, आपण हात वर करून झेलायचे. आज चार झेलले. शिवांगी — तिथली फिजिओथेरपिस्ट, दिल्लीचीच — टाळ्या वाजवते. "बिल्कुल सही, प्रणिता!" मीही वेडी, लहान पोरीसारखी खूश.

९ डिसेंबर

मेन्स पास!!! पाचव्या प्रयत्नात पहिल्यांदा! आईला मेहकरला फोन केला, तर ती नुसती रडतेय. मीही.

२८ डिसेंबर

आज माझी वेणी मी घातली.

वाकडी, ढिली, मयुरा म्हणाली शेपटी दिसतेय. दिसू दे! आधी आई घालायची, मग शाळेत मैत्रिणी, इथे मयुरा. डावा हात मानेच्या मागे गेला — तिथे तो जन्मात गेला नव्हता. दिवसभर पाच-सहा वेळा सोडली आणि घातली.

६ जानेवारी

शार्दूलने आलेख दाखवला. रेघ चढत गेलेली. शिवांगीने सरकारी पद्धतीने हिशोब मांडला. "अब तो सैंतीस-अड़तीस परसेंट ही बचा है। मुबारक हो!" ती हसत होती. मी बॅग उचलून निघाले.

माझ्या सर्टिफिकेटवर त्रेचाळीस आहे. चाळीसच्या खाली गेलं की दिव्यांग कोटा संपला. आणि इंटरव्ह्यूनंतर इथलं मेडिकल बोर्ड सगळं नव्याने तपासणार. कोटा गेला तर ओपनमधून लढायचं. मी? चार वेळा तोंडावर आपटलेली? एवढ्या वर्षांत घरातल्यांनी काय काय सोसलं माझ्यापायी. आता दाराशी येऊन परत जाऊ?

मेट्रोत रडू फुटलं. शेजारची बाई विचारत होती, "क्या हुआ बेटा?" काय सांगू? हात बरा होतोय म्हणून?

१४ जानेवारी

गल्लीतली सगळी मराठी पोरं पहाटेच पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर गेली. मी खोलीत. मयुराही थांबली. म्हणाली, "बोर्डासमोर हात वर करूच नको ना यार. त्यांना काय कळतंय!"

परवा शार्दूलला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं — कुणी मुद्दाम कमी हलवला तर? म्हणाला, "लगेच दिसतं. हात अडणं वेगळं, अडवणं वेगळं." बोर्डाकडे असलं मशीन नसेलही. पण मला ढोंग जमणार नाही.

मात्र जाणं बंद करता येईल. व्यायाम न करणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही. नाही ना?

२ फेब्रुवारी

नोएडा बंद. अभ्यास आहे असं कळवलं. हात दिवसभर गळ्यातल्या पट्ट्यात ठेवते. मयुराला सांगितलं, दुखतोय. "माझं ऐकलं असतंस तर बरं झालं असतं," एवढंच बोलली आणि फणी घेऊन मागे बसली.

१९ फेब्रुवारी

कोपर्निकस मार्गावर मॉक इंटरव्ह्यू. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुमचा सगळ्यात मोठा गुण?" मी म्हणाले, प्रामाणिकपणा! गळ्यात पट्टा घालून!! शरम वाटली. परतीच्या वाटेत स्वतःला शिव्या घातल्या. पट्टा काढला मात्र नाही.

२७ फेब्रुवारी

आता खरंच दुखतोय. कुशीवर झोपता येत नाही.

शिवांगीचा फोन आला. "पट्टा? किसने कहा पट्टा बाँधने को? कंधा जाम हो गया ना, तो महीनों नहीं खुलेगा!" मी म्हटलं, उद्या काढते.

५ मार्च

काढला नाही. थोडेच दिवस राहिलेत.

१९ मार्च

काल इंटरव्ह्यू, आज बोर्ड. इंटरव्ह्यू बरा गेला की वाईट, काही कळत नाही. ते सगळेच गोड हसतात.

बोर्डाचे डॉक्टर म्हणाले, "जितना जाए, ऊपर ले जाइए।" नेला. जीव खाऊन नेला. देवाशपथ, तसूभरही ढोंग केलं नाही. छातीपर्यंतसुद्धा पोचला नाही, डोळ्यांत टचकन पाणी आलं. डॉक्टरांनीच हात धरून हळू खाली घेतला. भला माणूस.

चव्वेचाळीस टक्के.

आई फोनवर म्हणाली, "बघ गं, ज्या हातापायी लोकांची बोलणी खाल्ली, त्याच हाताने तारलं तुला." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

२ एप्रिल

धीर करून नोएडाला गेले. कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. रेघ पहिल्या दिवसाच्याही खाली. "मशीनचं काही चुकतंय का बघतो," शार्दूल म्हणाला. दोनदा तपासलं बिचाऱ्याने. मशीनचं काही चुकलेलं नव्हतं. मग विचारलं, "काय झालं, मॅडम?" पडले, म्हटलं.

शिवांगीने खांदा हलवून पाहिला, मी किंचाळले. "पहले जितना था, उतना भी आएगा कि नहीं... देखते हैं," म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आंब्यांचा खेळ त्यांनी लावलाच नाही.

२२ एप्रिल

निकाल. मी यादी खालून वाचायला घेतली, कोट्यातली नावं बहुतेक खालीच असतात. नाही. आणखी वर — नाही. मयुरा तिच्या मोबाइलवर वरून वाचत होती. एकदम किंचाळली.

एकशे चाळिसावी. ओपनमधून. कोट्याच्या कितीतरी वर.

माझा हात कुणी मागितलाच नव्हता.