जिथे सोय असेल तिथे

माई, तुझं कॉफीचं फडकं आठवतंय का? तुझ्या विरलेल्या पातळाचं, गाळून गाळून विटेच्या रंगाचं झालेलं. पाहुणे आले की जायफळ घालून उकळलेली कॉफी तू त्यातून गाळायचीस, पिळून घ्यायचीस, मग चोथा मोगऱ्याच्या बुंध्याशी आणि फडकं दांडीवर. मी, तुझी लेक, आता केस पांढरे करून माझ्या लेकाकडे अमेरिकेत, पार्सिपनीला राहते. इथल्या कॉफीचा चोथा जातो कुठे, हे काही मला कळेना, म्हणून तुला लिहायला बसले. असल्या गोष्टी विचाराव्यात तर तुलाच. तुझ्याइतकी संशयी बाई मी दुसरी पाहिली नाही.

दूधवाला दारात आला की तू आधी करंगळी बुडवून थेंब नखावर घ्यायचीस. थेंब घरंगळला की त्याची खैर नसे. "वहिनी, गोठ्यातून निघालं तेव्हा निर्भेळ होतं हो," तो काकुळतीला यायचा. "गोठ्याचं मी विचारलंच नाही. वाटेत नळ कुठे लागला ते सांग." एकदा मी त्याच्या देखत म्हणाले, "असू दे ना माई, गरीब आहे बिचारा." तो गेल्यावर तू मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलंस. "दया करायची तर खुशाल कर," म्हणालीस, "पण डोळे मिटून करू नकोस."

तर इथे ओट्यावर एक काळं यंत्र आहे. निरांजनापेक्षा जरा मोठी अशी प्लास्टिकची वाटी, वर चकचकीत वर्ख डकवलेला, आत कॉफी. वाटी यंत्रात ठेवायची, कळ दाबायची, की सुई तिला भोसकते आणि गरम पाणी आरपार जातं. कपभर कॉफी झाली की वाटी कचऱ्यात. यंत्र लेकाच्या कंपनीने फुकट दिलं, वाट्या मात्र तीच कंपनी विकते. म्हणजे घोडा फुकट, पण चंदी त्यांच्याच दुकानातली. माझा लेक तिथे खोक्यांचं काम बघतो. कुठला रंग, कुठलं चित्र, कुठली ओळ, सगळं त्याच्या हाताखालून जातं. खोक्यावर एक हिरवं पान आहे आणि पानाखाली बारीक अक्षरं. इंग्रजी मी शाळेत नाही शिकले, डबे आणि दुकानांच्या पाट्या वाचत शिकले, त्यामुळे बारीक अक्षर आधी वाचायची खोड. लिहिलं होतं की जिथे सोय असेल तिथे याचा पुनर्वापर होऊ शकतो. त्यातलं ते 'जिथे' मला दाताखाली खडा यावा तसं लागलं.

जेवताना मी विचारलंच. "काय रे, आपल्याकडे आहे का ती सोय?"

"रिसायकलेबल आहे आई ते. टेक्निकली."

"टेक्निकली नाही विचारत. आपल्या निळ्या डब्यात टाकलं तर नेतात का?"

"नाही नेत. प्लास्टिकला फॉइल चिकटलेलं, आत फिल्टर, त्यात ओला चोथा. सेपरेट कोण करणार?"

"मग नेतात कुठे?"

"असतील काही ठिकाणं."

"असतील?"

सून खुदकन हसली. "अहो आई, तुम्हाला एअरपोर्टवर सिक्युरिटीत घ्यायला हवं होतं!" मीही हसले. लेक मात्र ताटातला भात चिवडत राहिला.

त्यानंतर माझं लक्ष त्याच्यावरच. कचऱ्याची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी तो डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवतो. पण मी बघते तर त्याआधी एक पिशवी वेगळी काढून गुपचूप गॅरेजमध्ये. गॅरेजमध्ये आंबूस दर्प, चिलटं. "काय ठेवतोस रे तिथे?" "जुनं सामान आहे. तू नको जाऊस, घसरशील." भर उन्हाळ्यात घसरशील! माई, घरात बाटली शिरली, असंच मी धरून चालले. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसला आणि सून क्लासला गेल्यावर मी चपला घालून गॅरेजमध्ये गेले.

बर्फ ओढायच्या फावड्यामागे काळ्या पिशव्या उभ्या आहेत. एकीची गाठ सोडते. आत वाट्याच वाट्या, वापरलेल्या, बुरशी धरलेल्या. शेजारी जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर काही सोललेल्या. वर्ख एकीकडे, फिल्टरचा कागद एकीकडे, चोथा वाळून ढेकूळ झालेला, आणि एक पातं. थोड्या सोलल्यात आणि मग हात टेकलेत. खोक्यावर पान छापणाऱ्यालाच त्या टाकवत नव्हत्या गं. मी गाठ होती तशी मारली.

आता तू म्हणशील, विचार की त्याला सरळ. पण ग्रीन कार्डाचे त्याचे कागद त्याच कंपनीने घातलेत. नोकरी सोडली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि नवी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरून परत. मी विचारलं की त्याला एक तर माझ्याशी खोटं बोलावं लागेल, नाहीतर तिकडे कंपनीत जाऊन खरं बोलावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या सुती साडीचा तुकडा फाडला आणि जायफळ घालून कॉफी केली. "मशीन बिघडलं का?" त्याने विचारलं. "नाही." तो फुंकर घालत प्यायला. कप खाली ठेवून फडक्याकडे बघत राहिला. "चोथा कुठे टाकलास?" "टोमॅटोच्या झाडांना." "हं," म्हणाला. बूट घालताना पाठमोराच बोलला, "उद्यापण करशील?" आता त्याची रोजची कॉफी फडक्यातली. सून यंत्राचीच पिते, आलागेलाही यंत्राचीच मागतो. खोक्यावरचं पान आहे तिथेच आहे.

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तू त्याला दारात उभा करून नखावर थेंब घेतला असतास. मी अजून काही विचारलेलं नाही. कचऱ्याची गाडी येऊन गेली की मी तेवढी गॅरेजमध्ये जाते आणि शेवटची पिशवी चाचपून बघते. मागच्या खेपेपेक्षा फुगलेली लागली, की माझा जीव भांड्यात पडतो.