नीरजाने तीन मोजले

पुणे, ४ जानेवारी १९९४

चि. अनंतास अ. उ. आ.

तुझी कन्या माझ्याकडे इंजिनियर व्हायला ठेवलीस. ती नावाडी होते आहे. कॉलेजच्या बोट क्लबात चौघी मुली वल्ही मारतात, आणि तेही जायचे तिकडे पाठ करून! पुढचे दिसते फक्त सुकाणूवरच्या पाचवीला. ती शकू, माझी जुनी विद्यार्थिनी. ती नुसती ओरडते. मी नीरजाला म्हटले, पुढचे न बघता राबायचे आणि वर ओरडा खायचा, तर नदीवर कशाला जायचे? लग्न करावे.

यातून संघभावना शिकतात म्हणे. पहाटे पाचला उठते, तळहातांना फोड आहेत आणि न्याहारीला सहा पोळ्या लागतात. संघभावना खाण्यात दिसते. लाटायला मी एकटीच. नदीच्या वासाबद्दल लिहीत नाही, कागदाला लागेल.

काय करू ते कळव. लोभ आहे, पण कणीक संपत आली आहे.

कुसुमताई

सोलापूर, ९ जानेवारी १९९४

ती. कुसुमताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून हिच्या घशाखाली घास उतरत नाही. नीरजाला ताबडतोब बोटीतून उतरव. ऐकले नाही तर सरळ इकडे धाड, इथल्या कॉलेजात नाव घालतो. तू नुसते ‘थांब’ म्हटलेस तरी पुरे. पन्नाशीतही तो आवाज आठवला की मी हातातला चहा खाली ठेवतो.

आमच्यावरचा राग ओसरेल तसा लोभ वाढवावा.

तुझा अनंत

पुणे, १७ जानेवारी १९९४

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

काल आमची शर्यत होती. तुमचे पत्र घेऊन आत्या मला उतरवायला निघाली, पण रिक्षावाल्याशी वाद घालण्यात उशीर झाला. ती पोचली तेव्हा आम्ही मध्यावर होतो आणि शेवटच्या होतो. तिने काठावरून छत्री उगारली आणि ओरडली, “थांब!”

बाबा, तिन्ही बोटी थांबल्या. निम्म्या मुली तिच्याच शाळेतल्या! शकूने तर सुकाणू सोडून हाताची घडी घातली. पंच श्यामसुंदर सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

मला तुमचे सांगणे आठवले. आत्या ‘थांब’ म्हणाली की तीन मोजायचे, तोवर ती दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला लागते; मग आपले काम चालू. मी तीन मोजले आणि वल्हे मारले. मागच्या तिघींनी का म्हणून विचारले नाही, त्यांनीही मारले. बोटीत मी शिकले ते एवढेच. बाकीच्या दोन बोटी आत्याच्या परवानगीची वाट बघत राहिल्या. आम्ही जिंकलो!

मला इथेच राहू द्या ना. आणि तीन मोजण्याचे आत्याला कळू देऊ नका.

तुमची, फोडांसकट,
नीरजा

ता. क. अनंता, हे आंतरदेशीय नीरजाने टपालात टाकायला माझ्याकडे दिले. एक घडी कोरी होती, वाया कशाला घालवायची? तीन मोजायचास होय! चाळीस वर्षे! सुट्टीत ये, मग मी मोजते. पंचांनी मला काठावर यायची बंदी केली आहे, म्हणून पुढच्या वेळी पुलावर उभी राहणार आहे. तिथून आवाज जास्त लांब जातो.

बोट सोड, हे तुझे ‘थांब’ तिला सांगितले. तिने तीन मोजले आहेत. पोळ्या आता आठ लागतात.

कुसुमताई