बांधावरची गावठी बाभूळ

मंगळवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज धाकटे दीर कुऱ्हाड घेऊन माझ्या बांधावर आले. म्हणाले, "वहिनी, ही वेडी बाभूळ हाय. सरपणाला नेतो."

वेडी? मी मण्यांच्या माळेसारख्या शेंगा दाखवल्या; वेडीच्या शेंगा अशा नसतात. ही गावठी, इमारती लाकडाची.

"बाईमाणसाला काय कळतंय?"

बाईमाणसाला! यांनी लावलेलं झाड. हे वारले म्हणून ते बेवारस झालं काय? मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. "सरपण पायजे तर वढ्यातली वेडी तोडा. हिला हात लावायचा न्हाई."

पुटपुटत गेले.

मग मीच उदगीरच्या सुताराला फोन केला. उद्या बाभूळ पडेल, पण माझ्या शब्दानं. दिरांच्या घरातून निघून मी जी वेगळी खोली बांधतेय, तिला या लाकडाचं दार होईल, आणि कडी आतून मी लावीन.