खेकडीचं माहेर

३ मार्च
संपादकांनी रविवार पुरवणीत निसर्गावर सदर द्यायचं कबूल केलं. अट एकच : पहिला लेख खाडीतल्या खेकड्यांच्या स्थलांतरावर, सोबत अंडी घेऊन निघालेल्या मादीचा फोटो. जमलं नाही तर सदर पचनविकारवाल्या डॉक्टरांना. मी म्हटलं, फोटो आलाच समजा. ते म्हणाले, मागे एकदा असंच समजलो आणि अर्धं पान कोरं राहिलं. माणूस जुनं फार उगाळतो.

४ मार्च
संशोधन पूर्ण, चहासकट. संस्कृतात कर्कट, कुलीर असे दोन छान शब्द आहेत. बाकीचं तर्काने सुटतं. बाळंतपणाला बाई जाते कुठे? माहेरी. पाण्याचं माहेर कुठे? उगमाकडे. तस्मात खेकडी खाडीतून वर चढते, गोड्या पाण्याकडे. वरच्या टोकाला जुना धक्का आहे, तिथे ठाण मांडणार. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, एखादं पुस्तक उघडून बघितलंत का? पुस्तकं स्वतंत्र बुद्धी नसलेल्यांसाठी असतात. हे मनात म्हटलं.

८ मार्च, सकाळी
धक्क्यावर. दुर्बीण, घडीच्या खुर्च्या, थर्मास. सोबत साडू. त्यांच्या घरी रंगकाम निघालंय, म्हणून निसर्गप्रेम अचानक उफाळून आलं. खेकडे भरपूर. चिखलात पसरलेले, एकमेकांना नांग्या दाखवताहेत, काम काही नाही. साडूंनी विचारलं, अंडी कुठायत? म्हटलं, माता लाजऱ्या असतात.
फोन बंद ठेवला. निरीक्षणाला मौन लागतं.

११ मार्च
अंडी अजून नाहीत. एकीने दुसरीची नांगी मोडली. गरोदरपणातली चिडचिड. नोंद महत्त्वाची.
बायको मेव्हणीकडे गेली, रंगकामात हातभार लावायला. त्यांचं घर अगदी खाडीच्या मुखाशी, समुद्राला लागून. जाताना म्हणाली, चला की, तिकडे खेकडे येतात म्हणे. समजावलं की तिकडे हौशी लोक जातात.

१४ मार्च
लेख तयार : ‘उगमाकडे निघालेली आई’. शेवटच्या परिच्छेदाला मलाच गहिवरून आलं. फोटोही मिळाला. एक धष्टपुष्ट खेकडी पोट दिसेल इतकं अंग उचलून, नांगी उगारून थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. अंडी दिसत नाहीत, पण वात्सल्य दिसतं. साडू म्हणाले, मिशा काढल्या तर थेट आपले सासरे. त्यांना सौंदर्यदृष्टी नाही.

१५ मार्च
फोन सुरू केला. बायकोचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. उलट फोन केला. पहाटे भरती ओसरायला लागली तेव्हा दोघी बहिणी मुखाशी होत्या. माद्याच माद्या, म्हणे. पोटाखाली अंड्यांचे गच्च पुंजके, अंग झटकताहेत, आणि धुरळ्यासारखी पिल्लं ओहोटीबरोबर समुद्रात. तिने मोबाइलवर फोटो काढला. माझा फोन बंद, म्हणून सरळ संपादकांना पाठवला.
मी माझ्या खेकडीचा फोटो तिला पाठवला. तिने पोटाकडची निमुळती पट्टी बघून सांगितलं, हा नर आहे. मादीची पट्टी रुंद असते. मेव्हणीकडे पुस्तक आहे.
मग म्हणाली, “अहो, अंडी आली की बायका खाली समुद्राकडे जातात. वर राहतात ते नवरे.”
ते तिथे काय करतात, असं विचारलं.
“ते तुम्ही सांगा. आठवडाभर तुम्हीच त्यांच्यात बसलायत.”
संपादकांना फोन केला. सदर डॉक्टरांना दिलेलं नाही, म्हणाले. जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, वहिनींना दिलंय.

२२ मार्च
पुरवणी आली. फोटो तिचा, मजकूर तिचा. मी शुद्धलेखन तपासून देणार होतो, चुकाच नव्हत्या. तिने लिहिलंय की मादी स्वतः जन्मते तीही समुद्रातच, आणि अंडी घेऊन तिथेच परतते. म्हणजे माहेरीच की! तर्क अचूक होता. पत्ता तेवढा चुकला. संपादकांना हे कळवायला हवं.
दुपारी
बायको पुढच्या लेखासाठी मेव्हणीबरोबर मुखाशी गेली. साडूंचा फोन आला. रंगाचा दुसरा हात सुरू झालाय, धक्क्यावर येताय का?
थर्मास भरला.