माझ्या अस्थी आणि चार पासपोर्ट

मी, हात्सू तामाकी, जन्मनाव एल्विरा योनामिने, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा, राहणार इतोमान, ओकिनावा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, हात कापतो तो वयाने, आणि हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. उलट माझी मुलगी मारिसा 'नको लिहूस' म्हणून तीन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. वरची दोन्ही नावं माझीच. जपानी पासपोर्टावर सासरचं, अर्जेंटिनाच्या पासपोर्टावर जन्माचं. दोन्ही पासपोर्ट खरे आहेत आणि दोन्हींची मुदत चालू आहे. याआधीचं माझं मृत्युपत्र मी रद्द करते. ते भीतीपोटी केलं होतं.

एक. राहतं घर, परसातल्या लिंबाच्या झाडासह, मारिसाला. पण कलम सहामधली अट पाळली तरच. अट कडक आहे आणि मी ती मुद्दाम घातली आहे.

दोन. दुकान आणि यंत्रं त्सुनेकोला. एकोणीस वर्षं ती माझ्याबरोबर वाफेत उभी आहे. मी तिला पुष्कळदा टाकून बोलले, ते सगळं मागे घेते. कॉलरला दोनदा इस्त्री लागते, हे मात्र मागे घेत नाही. बाबांची ब्युनोस आयर्सची जुनी लोखंडी इस्त्री तिला नाही, मारिसाला. मारिसा, दार अडवायला वापरशील तर बघ!

तीन. माझा चुलतभाऊ सेइकिची योनामिने, ब्युनोस आयर्सला विमानाची तिकिटं काढून देतो, त्याला माझी कापड कापायची मोठी कात्री. का, ते त्याला बरोबर कळेल. बाकीच्यांसाठी पुढे लिहिते.

चार. १९८८ साली बाबा तिकडे, ब्युनोस आयर्सला, वारले. आईचं थडगं तिथेच, पण बाबांचा हट्ट एकच, 'मला इतोमानच्या आपल्या घराण्याच्या थडग्यात ठेवा.' अस्थी आणायला मी गेले. नवरा आणि पाच वर्षांची मारिसा इकडे. तिकडून निघताना सेइकिचीने मला बाजूला घेतलं.

"हात्सू, दोन्ही एकदम दाखवलेस तर मेलीस. जपानवाल्यांना दुसरा दिसला की तिथल्या तिथे कात्रीने कोपरा कापतात. मग बस नवऱ्याच्या घरी परकी होऊन."

"मग दुसरा ठेवू कुठे?"

"जिथे कुणी हात घालणार नाही तिथे."

अशी जागा माझ्याकडे एकच होती. बाबांच्या अस्थींची पेटी पांढऱ्या कापडात बांधलेली होती. कापड आणि पेटी यांच्यामध्ये मी अर्जेंटिनाचा पासपोर्ट सरकवला आणि घट्ट गाठ मारली.

टोकियोच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने पेटीबरोबरचा दाखला वाचला. तरुण होता, बोलायला मऊ. "अस्थी नेणारी, मृताची मुलगी, एल्विरा योनामिने, असं इथे लिहिलंय. पण तुमच्या पासपोर्टावर तर हात्सू तामाकी आहे."

खरं सांगायचं तर दुसरा पासपोर्ट दाखवायला हवा, आणि तो दाखवायचा तर त्याच्यासमोर गाठ सोडायला हवी. मला कात्री दिसायला लागली. मारिसा दिसायला लागली.

"हे तुमचे कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाहीत," मी म्हणाले. "एका ओळखीच्या बाईने पोचवायला दिलंय."

"नक्की?"

"नक्की."

त्याने दाखला घडी घालून पेटीवर ठेवला. "मग पेटी इथेच राहील. ज्यांची आहे त्यांनी येऊन न्यावी." दोन्ही हातांनी उचलून त्याने ती मागच्या फळीवर ठेवली. एका बाजूला कुणाची विसरलेली छत्री, दुसऱ्या बाजूला गोल्फच्या काठ्यांची पिशवी. मी वाकून त्याचे आभार मानले. आभार मानले! त्याची लाज मला अजून वाटते.

पाच. घरी येऊन मी सांगितलं, कागदात अडकलंय. थडगं उघडायचा दिवस ठरला होता, तो टळला. शेवटी माझी आत्या, कामे तिचं नाव, ती उठली. बाबांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर, जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. ती टोकियोला गेली, 'हा माझा भाऊ आहे' म्हणाली, आणि बाबांना मांडीवर घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि माझा पासपोर्ट इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. मी शर्ट इस्त्री करत होते, तो जळला.

"त्या पोराने तू गेल्यावर गाठ सोडून बघितलं होतं," ती म्हणाली. "तुझा फोटो बघितला. पुन्हा बांधून ठेवलं. निरोप दिलाय त्याने, भाचीला सांगा, तिचे दोन्ही जन्मापासूनचे आहेत, तिच्या वयाच्या माणसांचे कुणी काढून घेत नाही. घाबरायचं काहीच नव्हतं."

मी इस्त्रीचं ओलं फडकं तोंडाला लावलं.

"अकरा दिवस तुझा बाप त्या फळीवर बसला होता, हात्सू. तुझा कागद मांडीवर घेऊन."

एवढंच बोलली. पुढे नऊ वर्षं जगली, पण कुणापाशी चकार शब्द काढला नाही. माझा केसांत खोवायचा पोवळ्याचा काटा आत्याच्या नातीला द्यावा. कारण तिला सांगितलं तरी चालेल, आता मी सगळ्यांनाच सांगते आहे.

सहा. माझ्या अस्थी वेचताना दोन कलश करावेत. एक इथे बाबांशेजारी. दुसरा मारिसाने स्वतः ब्युनोस आयर्सला आईपाशी न्यावा.

मारिसा, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तू तिकडे जन्मलीस, म्हणून तुझेही दोन. इथल्या कायद्याप्रमाणे बाविसाव्या वर्षी तू 'मी जपानी' असं लिहून दिलंस, आणि अर्जेंटिना पोटच्याला सोडत नाही, म्हणून दुसरा राहिला. मी वकिलाला दोनदा विचारलंय, यात चोरी नाही. तरी तू तो तांदळाच्या डब्यात ठेवतेस. एकावर तू सासरची गुशिकेन, दुसऱ्यावर माहेरची तामाकी. म्हणजे मला विचारलं ते तुलाही विचारणार.

परवा तू म्हणालीस, "आई, कशाला उगाच? ऑफिसात कुणाला माहीत नाही. कपड्यांत गुंडाळून नेते तुला, कुणाला कळणारसुद्धा नाही."

तेच नकोय मला. काउंटरवर चारही पासपोर्ट ठेवायचे, तुझे दोन, माझे दोन. कुणी काही विचारायच्या आधी म्हणायचं, 'ही माझी आई.' बाकीचं त्यांना हवं तेवढा वेळ लावून वाचू दे. विमान चुकलं तर चुकू दे.

हे जमणार नसेल तर मला नेऊच नकोस. दोन्ही कलश इथे ठेव, आणि घर त्सुनेकोला जाईल. फळीवर मात्र ठेवून येऊ नकोस.

मारिसाने यावर विचारलं, "आणि मी तिथे काय बोलले ते तुला कसं कळणार गं?"

मला नाही कळणार. तुला कळेल. मला सदतीस वर्षं कळतंय.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, म्हणून दोघांना बोलावलं. दोघांनी सगळं वाचून, मला नाव विचारून, मी दोन्ही नावं मोठ्याने सांगितल्यावर सह्या केल्या.

साक्षीदार: मोरिहिको आहागोन, डॉक्टर
साक्षीदार: शिझु ओनागा, शेजारीण

सही व शिक्का: हात्सू तामाकी
सही: एल्विरा योनामिने, सेइतोकू योनामिने यांची मुलगी

इतोमान, ९ नोव्हेंबर २०२५